आप्पांचं मेथी निवडायचं मशीन

आमचे घरमालक दिनकरआप्पा भाजी आणायला जाताना पिशवी विसरतात, पण व्हर्नियर कॅलिपर विसरत नाहीत. मेथीच्या पेंडीतली एक काडी उपसायची, तिची जाडी मोजायची आणि मान हलवत परत खोचायची. एकदा भाजीवाल्या मावशी वैतागून म्हणाल्या, "पावणं, भाजी घेतायसा का पोरगी बघतायसा?"

"पोरगी बघाय येवढा येळ लागत न्हाय," आप्पा म्हणाले. "दोन पेंड्या द्या."

मी त्यांच्या मागच्या खोलीत राहते. गाव शाहूवाडीकडचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मोठ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, नीटसं कळत नाही. पण आप्पांसारखा कारागीर मी पाहिलेला नाही. कागलच्या एमआयडीसीत त्यांनी आयुष्यभर लेथ चालवला. मी मेकॅनिकलला आहे म्हटल्यावर त्यांनी माझं नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "मायक्रोमीटर वाचाय येतो?"

रिटायर झाल्यावर, घरात एकटेच असताना, त्यांनी मेथी निवडायचं मशीन करायला घेतलं. काडी पट्टीच्या भोकातून घालायची आणि सायकलचं पेडल फिरवायचं. पलीकडचे दोन रबरी रूळ काडी ओढून घेणार, पानं अलीकडे ताटात पडणार. निदान ठरलं तरी तसं होतं.

दर रविवारी दुपारी अंगणात ट्रायल असायची. चटईवर शेजारच्या मानेकाकी, शोभावहिनी आणि मी. आम्ही हातानं निवडायचं, आप्पांनी मशीनवर. कारखान्यातला जाड चष्मा लावून ते ओरडायचे, "टायमिंग सुरू! गप्पा बंद!"

गप्पा कधी बंद झाल्या नाहीत. शोभावहिनी जावेची गोष्ट सांगायला लागल्या की आप्पांचंच पेडल थांबायचं. "मग? जाऊ काय म्हणाली?"

मशीन मात्र मेथीचा पार चेंदामेंदा करायचं.

"आप्पा, ही भाजी न्हवं, मेंदी झाली की!" मानेकाकी म्हणायच्या. "हातावर लावू का कढईत घालू?"

"ट्रायल फेल," आप्पा जाहीर करायचे. "फुडच्या रविवारी परत." मग सगळ्यांना चहा आणि निवडलेली भाजी घरोघरी.

पावसाळा गेला, थंडी आली, तरी आप्पा हरतच होते. मला फार वाईट वाटायचं. इतका मोठा माणूस, आणि दर आठवड्याला चौघांत हसू. एका शनिवारी ते बाहेर गेले असताना मी धीर करून मशीन खोललं. दोन रूळ फार जवळ बसले होते. दोन्ही बाजूंना एकेक वॉशर घातला की फट बरोबर येत होती. मी दोन वॉशर आणले, बसवले, एक काडी घालून पाहिली. काडी पलीकडे, पानं अलीकडे. एकही पान फाटलं नाही.

रविवारी आमची अर्धी पेंडी होईतो आप्पांच्या दोन्ही पेंड्या संपल्या.

"जिकलासा की आप्पा!" मानेकाकींनी टाळ्या वाजवल्या आणि त्या पदर झटकत उठल्या. "चला गं. आता आमचं काय काम? रविवारचं जरा पडाय तरी मिळंल."

"चहा टाकलाय," आप्पा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे आता. झालं की काम."

दोघी गेल्या. आप्पांनी वाकून रुळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वॉशर घातलास व्हय?"

"हो. चुकलं का?"

"न्हाय पोरी. माप बरोबर हाय तुझं."

काल घेतलेला पाना जागेवर ठेवायला मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी पिवळ्या पडलेल्या कागदाची पुडी होती, वर आप्पांच्या अक्षरात 'मेथी'. आत दोन पितळी वॉशर. स्वतः कातलेले, गुळगुळीत, माझ्या वॉशरपेक्षा नेमक्या मापाचे. मशीन कधीच पुरं झालेलं होतं. फक्त आप्पांनी ते बसवले नव्हते.

मला मान वर करवेना. "आप्पा, काढू का माझे?"

"चालतं मशीन बिघडवायचं न्हाय," ते म्हणाले. "पाप लागतं."

पातेलंभर चहा आम्ही दोघांनीच संपवला.

पुढच्या रविवारी गावाहून परतताना मी आमच्या रानातला चाकवत आणला, पिशवी भरून. आप्पा अंगणात मशीनला तेल देत बसले होते. पिशवी त्यांच्यापुढे ठेवून मी भीतभीत विचारलं, "आप्पा, ही भाजी मशीनवर होईल का?"

त्यांनी एक काडी उचलली, बोटांत फिरवली. ती त्या भोकातून अगदी सहज गेली असती. मलासुद्धा ते दिसत होतं.

"न्हाय व्हायची," आप्पा म्हणाले. "ही हातानंच निवडाय पायजे." आणि तेलाचा डबा बाजूला सारत त्यांनी मानेकाकींच्या दाराकडे पाहिलं. "चटई टाक. आन् हाक मार दोघींस्नी."