विमलकाकूंचा दिवाळीआधीचा राग

मी सोऱ्या मागायला गेलेसुद्धा नव्हते, तेव्हाच विमलकाकूंनी मला त्याची चकती हरवल्याबद्दल झापलं होतं.

लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला, जुन्या शहरात आले, त्याची ती पहिली दिवाळी. शेजारच्या दारातून हाक आली, "सूनबाई, इकडे ये वं." गेले. "तू चकल्या कराले माहा सोऱ्या नेशीन. परत आनशीन तवा त्यात चकती नसन. काहून वं, दुसऱ्याची वस्तू जपून नाई वापरता येत?" मी नवी नवरी, सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. "बोलली ना? म्हंजे तुले घरची समजली." असलं घरचं समजणं मला मुळीच नको होतं. चार दिवस मी फणकाऱ्यानं त्यांच्या दाराकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी सोऱ्या आणावाच लागला, आणि तेव्हा हरवलेली चकती आजतागायत सापडलेली नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्या वऱ्हाडात आठवीची पूजा असते. ती झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी काकू घरातल्या एकेकाला समोर बसवतात आणि तो दिवाळीत जे जे करणार आहे, त्याबद्दल आधीच रागावून घेतात. नवऱ्याला, म्हणजे देविदासकाकांना, ओला टॉवेल गादीवर टाकल्याबद्दल आणि पाहुण्यांसमोर करंज्यांना नावं ठेवल्याबद्दल. मुलाला, म्हणजे गजूला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ल्याबद्दल आणि पहिल्या आंघोळीला चार हाका मारूनही न उठल्याबद्दल. कोणी "पण मी अजून..." म्हणायचा अवकाश, काकूंचं उत्तर ठरलेलं, "करशीन ना? मंग आयक!"

पण एकदा हे झालं, की दिवाळीभर वाकडा शब्द नाही. टॉवेल गादीवर दिसला, तर काकू हसत उचलतात. मी स्वतः पाहिलंय.

यामागचं कारण काकांनी मला सांगितलं. घरचा धंदा झेंडूच्या फुलांचा. दिवाळीत बाकीच्या आया फराळ करून दमतात, काकू फराळ करून वर शेकड्यानं हार गुंफतात. गजू आठ वर्षांचा असताना लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो धावता धावता तयार हारांच्या टोपल्यावर पडला. दोन दिवस पाठ न टेकलेल्या काकू तोंडाला येईल ते बोलल्या. पोरगा नव्या कपड्यांत तसाच उपाशी झोपला, आणि काकू त्याच्या उशाशी बसून रडल्या. पुढच्या वर्षापासून ही पद्धत. "मायचं डोकं सनात फिरतेच," काकू म्हणतात, "मंग ते आंधीच फिरवून घ्याचं. सनाच्या दिवशी पोट्ट्याच्या वाट्याले गोड तोंड आलं पाह्यजे."

यंदा आठवी झाली, तीन दिवस गेले, आणि शेजारून आवाज नाही. काका चोरासारखे माझ्याकडे आले. "सूनबाई, हे बोलूनच नाई राहिली. मी मुद्दाम टॉवेल टाकला, बेसन सांडवलं. गुपचूप पुसते. मले तं भेव लागून राहिलं."

मी गेले. काकू ओसरीवर हार गुंफत होत्या. विचारलं, तर सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, "गजूले सुट्टी नाई भेटली. पुन्याहून येत नाई तो. जो येतच नाई त्याले काय बोलाचं? अन् त्याले सोडून बाकीच्याइले बोलाले मन होत नाई वं." दिवाळीत गजू घरी नाही, असं हे पहिलंच वर्ष. मी पण एक सुई घेतली आणि बसले.

तेवढ्यात फोन वाजला. हात फुलांत, म्हणून काकूंनी मला स्पीकर लावायला सांगितला.

"आई, आठवी होऊन तीन दिवस झाले. माहं बोलनं काहून नाई आलं?"

"तू कुठी येऊन राहिला?"

"नाई आलो म्हनून काय झालं? बोलशीन नाई तं मले दिवाळी आली असं वाटन कसं?"

काकूंनी सुई खाली ठेवली. आधी हळूच सुरुवात केली, "शेंगदाने..." मग आवाज चढला. आंघोळ, अंथरूण, मोबाइल, मित्रांच्या चपलांनी भरलेलं दार. न आलेल्या मुलानं न केलेल्या एकेका गुन्ह्याचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. गजू पलीकडून "हो आई, चुकलं आई" म्हणत होता. आत बसलेले काका आवाज ऐकून बाहेर आले आणि आपली पाळी येईल म्हणून गरिबासारखे पायरीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी करंज्या खातानाही पाहिला नव्हता.

फटाक्यांपर्यंत आल्या आणि काकू थांबल्या.

"बस. फटाक्याचं नाई बोलत आता. ते ठेवते."

मी चमकून पाहिलं. हातचं राखून रागावणं हे या बाईच्या स्वभावातच नाही. त्यांचे डोळे भरले होते. मला एवढं गलबलून आलं, की मी उगाच फुलं निवडायला लागले.

"कवापावतर ठेवशीन?" गजूनं विचारलं.

"तू येशीन तवापावतर."

मग तो म्हणाला, "तुळशीच्या लग्नाले येतो, आई. नक्की."

"ये," काकू म्हणाल्या. "लवकर ये बाप्पा. जास्त दिवस ठेवलं तं मले बोलाचा राग नाई राहात, नुसती आठवन राह्यते."