अंगाईच्या ओळीइतका घट्ट डिंक

रसायनशास्त्राची पदवी, तीही पहिल्या वर्गात! मला डिंक कोण शिकवणार? पुस्तकबांधणीवाल्यांना आमच्या कारखान्याचा नेहमीचा डिंक पातळ वाटत होता. दुपारी तीनला ते येणार, घट्ट नमुना पसंत करणार आणि साहेब माझी नोकरी पक्की करणार. ठरलंच होतं!

"सोपं आहे," मी काकूंना सांगितलं. काकू म्हणजे वीस वर्षं आमची डिंकाची भांडी सांभाळणाऱ्या बाई. "सुटे कण हातात हात घालून साखळी करतात. जेवढी साखळी लांब, तेवढा डिंक घट्ट! म्हणून साखळी सुरू करणारी पूड दुप्पट घालायची."

"साखळ्या दुप्पट होतील रे बाळा, पण आखूड. कण तेवढेच ना?"

मी हसलो. काकू घट्टपणा मोजायच्या कशा, तर गुणगुणून! काठीवरून डिंकाची धार सोडायची. अंगाईची एक ओळ संपेपर्यंत तुटली नाही की डिंक झाला. माझ्याकडे तर चकचकीत यंत्र होतं!

तासाभराने भांड्यात निव्वळ पाणी. काठीवरून असं पळालं, जणू शाळा सुटली!

"आता नव्याने! पूड पाव, पाणी निम्मं, आच मोठी!" मी ओरडलो.

"अरे, दाटलं की आतला ताप आतच कोंडतो. मग ते कुणाचं ऐकत नाही."

"काकू, पुस्तकात..."

"पुस्तक वाच. पण भांड्याकडेही बघ."

डिंक झकास दाटू लागला, तसा मी शीळ घालत चहाला गेलो. परतलो तर ढवळणीची मोटर हुंदके देत होती. ढवळणी ओढली, तर आईला बिलगलेल्या लेकरासारखं अख्खं भांडंच वर आलं! पाणी ओतलं. ते गोळ्यावर तळं करून बसलं.

"नाही विरघळणार आता," काकू म्हणाल्या. "साखळ्यांच्या एकमेकींत गाठी पडल्यात."

अडीच वाजले! मी स्टुलावर कोसळलो. काकूंनी कोपऱ्यातल्या शेगडीवरून छोटं भांडं उतरवलं.

"हे कधी मांडलंत?"

"तू पूड दुप्पट केलीस तेव्हाच. पाणी जरासं कमी, पूड चिमूटचिमूट, आच मंद."

त्यांनी काठी उचलली आणि गुणगुणू लागल्या. धार उतरली. सावकाश, अखंड, उन्हात धरलेल्या रेशमासारखी. एक ओळ संपली, दुसरी संपत आली, तरी धार आपली लवत, झुलत उतरतेच आहे! वाटलं, डिंकच त्यांचं गाणं ऐकत थांबलाय. मी गुपचूप यंत्राला झाकण घातलं.

तीनला बांधणीवाले आले. त्यांनी त्या डिंकाने चिकटवलेलं पान खेचलं. पान फाटलं, जोड हलला नाही.

"वा! कुणी केला?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काकूंनी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"कसा करू नये, ते दोनदा करून दाखवलं."

साहेब खो खो हसले आणि त्यांनी माझ्या नेमणुकीच्या कागदावर सही केली. "पक्के झालात! पण काकूंच्या हाताखाली."

मी तर हरखलोच! "काकू, पहिलं काम कुठलं?"

काकूंनी माझ्या हातात छिन्नी दिली.

आज चौथा दिवस. गोळ्यातून निम्मं भांडं मोकळं झालंय!