वेलबुट्टीची नोटीस

माझ्यासारखी तीक्ष्ण बुद्धी शंभर वर्षांत एखाद्यालाच लाभते, असं माझं स्वतःचं मत आहे आणि पुरावा देऊन ते अजून कोणी खोडलेलं नाही. मी मर्विन टकवेल. सव्वीस वर्षं नगरपालिकेत पार्किंग तपासनीस होतो. नुसत्या टायरवरून मी गाडीवाल्याचा स्वभाव सांगत असे. गाडीवालेही माझा स्वभाव सांगत, पण तो मजकूर इथे छापण्याजोगा नाही. सध्या मी मलेट पॉइंटच्या लॉन बोल्स (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ) क्लबचा चिटणीस आणि या किनाऱ्यावरचा एकमेव गुप्तहेर आहे.

तर झालं असं, की शनिवारी दोन वाजता आमची वार्षिक सभा होती आणि वीस सभासदांची हजेरी हवी होती. आले तीन. मी, क्लबचं स्वयंपाकघर सांभाळणारी नोलीन, आणि सेसिल, जे तसेही रोजच येतात.

नियमाप्रमाणे पंधरा दिवसांनी आणखी एक सभा घेता येते. तीही फसली की क्लब बंद, आणि आम्ही सगळे चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या क्लबात जमा. बाकीचे गाडीने जातील हो. पण सेसिल त्र्याऐंशी वर्षांचे, नजर अधू झाल्यामुळे लायसन्स गेलेलं. बायको गेल्यापासून रोज सकाळी चालत येऊन ते आमची हिरवळ कातरतात. त्यांनी जायचं कुठे? सभेनंतर त्यांनी साठ खुर्च्या एकट्याने परत रचल्या.

सोमवारी सकाळी मी तपास हाती घेतला.

"नोटिशीत खोट नाही," मी म्हणालो. "इतकी देखणी नोटीस या गावाने पाहिलेली नाही."

खरंच देखणी होती. महिन्यापूर्वी मी क्लबच्या संगणकातलं जुनं ठोकळ्यासारखं अक्षर हाकलून दिलं आणि एक नाजूक, वेलबुट्टीदार अक्षर कायमचं बसवलं. संगणक उघडला की आपोआप तेच. फिकट राखाडी रंग, भोवती काळी चौकट, कोपऱ्यात लिलीचं फूल. वार आणि वेळ तेवढे मोठ्या, ठळक अक्षरांत. बोर्डावर एक लावली, घरोघरच्या टपालपेट्यांत एकेक टाकली.

"मर्व, मेनूसुद्धा त्याच अक्षरात छापलायस," नोलीन म्हणाली. "महिना झाला, जो येतो तो 'नेहमीचंच दे' म्हणतो."

"म्हणजे गिऱ्हाईक समाधानी आहे."

"धन्य आहेस बाबा."

मी वहीत लिहिलं: संशयित पहिला, मोठा क्लब. माणसं फोडली. संशयित दुसरा, नोलीनचं भोपळ्याचं सूप. हे तिने वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही.

तेवढ्यात टपालवाल्या ब्रूसने एक धागा दिला. शनिवारी पावणेदोनला त्याने आमचे निम्मे सभासद रस्त्यात पाहिले होते. बायका काळ्या कोटात, हातात अंड्याच्या सँडविचचे ट्रे. आणि पुरुषांच्या गळ्यात टाय!

मी टेबलावर मूठ आपटली. "टाय! आपल्या गावात माणूस टाय कधी बांधतो, नोलीन? कोर्टात जाताना! ते क्लबवर खटला भरतायत!"

"सँडविच घेऊन?"

"खटला लांबणार असेल."

सेसिल तोपर्यंत बोर्डापाशी गेले होते. त्यांनी नोटीस काढून खिडकीशी नेली, नाकाला लावली, लांब धरली, पुन्हा नाकाला लावली. मग टोपी काढून हळूच विचारलं, "मर्व, कोण गेलं रे?"

नोलीनने फोन उचलला.

"बेरिल, शनिवारी दोन वाजता कुठे होता गं तुम्ही सगळे? ...चर्चमध्ये? ...अगं, कोणाच्या अंत्यविधीला?"

ते बेरिललाही ठाऊक नव्हतं. चौकट काळी, फूल अंत्यविधीला वाहतात ते लिलीचं, अक्षर एकालाही लागलेलं नाही. कोण गेलं हे विचारणं बरं दिसत नाही, म्हणून बावीस जण विधीनंतरच्या खाण्यासाठी सँडविच घेऊन तासभर शवपेटीची वाट बघत बसले होते. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं, की मी कुठे दिसत नाही.

"मग माझ्याबद्दल चार शब्द बोलले असतील?" मी विचारलं.

नोलीनने फोनवर हात ठेवला. "दोन. 'वेळेवर यायचा.'"

त्याच दुपारी मी जुनं ठोकळ्यासारखं अक्षर परत आणलं. या वेळी आधीच्या दुप्पट मोठं, काळंभोर, सरळ. चौकट उडवली. लिली उडवताना हात जड झाला, पण उडवली.

दुसऱ्या सभेला एकतीस जण आले. काहींनी टाय बांधलाच होता, न जाणो म्हणून. क्लब वाचला.

सभा सुटल्यावर सेसिल बोर्डासमोर उभे होते. हात मागे बांधून, चष्म्याशिवाय, ते शब्द न् शब्द मोठ्याने वाचत होते, पार खाली "चिटणीस, मर्विन टकवेल" पर्यंत. दोन वर्षांत त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय काही वाचल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"कुरूप अक्षर आहे रे," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.