उजव्या बाजूचं मडगार्ड

पत्रा कापायला काय मोठी अक्कल लागते हो? ज्याला कात्रीने कागद कापता येतो त्याला ग्राइंडरने पत्रा कापता येतो. फरक फक्त आवाजाचा! हे मी त्या रविवारी सकाळी टायरवाल्याला ऐकवलं, आणि वर त्याच्या पाठीवर थापही मारली.

तो बिचारा आमच्या अंगणात उभा राहून समजावत होता, "साहेब, एवढे मोठे टायर या पिकअपला बसलेत खरे, पण गाडी वळायला लागली की घासणार. पुढची दोन्ही मडगार्डं कापावी लागतील. उद्या दुकानात आणा, आमचा कारागीर कापून देईल."

"उद्या कशाला? मी आजच कापतो!"

तो हसला नाही. स्टेपनीसकट सगळे जुने टायर टेंपोत टाकून निघून गेला.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. पिकअप माझी नाही, बायकोची आहे. बायको गुरांची डॉक्टर. मी विमा कंपनीच्या ऑफिसात बसतो आणि ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून चूक कोणाची ते ठरवतो. त्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला कळतं, असा माझा समज. गेल्या महिन्यात टेकडीवरच्या एका गोठ्यात गाय विताना अडली होती. बायको निघाली, आणि वाटेतल्या चिखलात पिकअप रुतून बसली. औषधांची पेटी डोक्यावर घेऊन ती चालत वर गेली, पण पोचेपर्यंत वासरू गेलं होतं. त्या दिवशी ती घरी येऊन कोणाशी बोलली नाही, जेवलीही नाही. मला ते बघवेना. तेव्हाच ठरवलं, हिला असे टायर घालून द्यायचे की चिखल स्वतःहून बाजूला झाला पाहिजे!

त्या रविवारी ती सकाळीच चालत गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात गेली होती. टायरवाला गेला, आणि मी कामाला लागलो.

पद्धत एकदम शास्त्रशुद्ध! बिस्किटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला, डाव्या मडगार्डावर धरला आणि जेवढा पत्रा काढायचा तेवढा आकार कापून साचा केला. बंपरच्या बाजूला जास्त, दाराच्या बाजूला जरासाच. पेन्सिलीने रेघ मारली, ग्राइंडर चालवला. ठिणग्या अशा उडाल्या की शेजारच्यांनी वाळत घातलेले कपडे काढून नेले. कापलेल्या कडेवर प्लास्टिकची रुंद झालर बसवली. तिला फ्लेअर म्हणतात. टायर बाहेर डोकावतो, त्याला ती वरून झाकते. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. कुठेही घासत नाही! मी स्वतःलाच शाबासकी दिली, मोठ्याने.

मग तोच पुठ्ठा उजवीकडे धरला. त्यावर 'नाजूक माल, जपून हाताळा' असं छापलेलं होतं. छापलेली बाजू डावीकडे बाहेर दिसत होती म्हणून इकडेही बाहेरच ठेवली. नीटनेटकेपणा माझ्या रक्तातच आहे. रेघ मारली, कापलं.

आई पायरीवर बसून हे सगळं बघत होती. तिचं उभं आयुष्य शिवणाच्या मशीनवर गेलं. ग्राइंडर थांबला तशी ती म्हणाली, "अरे, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या बेतल्यास की!"

"आई, हे पोलकं नाही. गाडी आहे!"

"ते दिसतंय मला. पण इकडे पुठ्ठा उलटा करायला नको होता का?"

मी मागे सरून बघितलं. उजवीकडे दाराच्या बाजूला एवढं मोठं भगदाड पडलं होतं की आतल्या बिजागऱ्या दिसत होत्या. आणि बंपरच्या बाजूचा पत्रा, जो कापायचा होता, तो जसाच्या तसा! स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर काही नाही. उजवीकडे जरा जास्त फिरवलं की घर्रर्र! टायर पत्र्यात रुतून बसायचा.

"काही नाही गं, अजून थोडं कापतो," म्हणत मी घाईघाईने ग्राइंडर टेकवला. चकती ताडकन तुटली आणि कुंपणापलीकडे गेली. ती शेवटचीच होती!

तेवढ्यात फाटकातून बायको धावत आली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात फोन.

"किल्ली! टेकडीवरच्या मावशींची गाय अडलीये. तोच गोठा! वासराचे पाय बाहेर आलेत, डोकं दिसत नाही. चल, पेटी धरायला तू पण..." ती थांबली. "हे काय आहे?"

"सरप्राइज!" मी म्हणालो.

ती गाडीभोवती फिरली. उजवीकडे येऊन उभी राहिली. भगदाडाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"चालते?"

"चालते ना! मस्त चालते. फक्त... उजवीकडे वळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे डावीकडे कितीही वळ. उजवीकडे अगदी थोडंसं. फार नाही."

"जुने टायर कुठायत?"

"टायरवाल्याने नेले."

"स्टेपनी?"

"ती पण."

बायकोने डोळे मिटले, उघडले, आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढली. "माझ्या मागच्या सीटवर बस. खिडकीतून डोकं काढून टायरवर लक्ष ठेव. घासायला लागला की ओरड."

आमच्या फाटकातून टेकडीकडे जायचं तर पहिलंच वळण उजवीकडे. बायकोने गाडी डावीकडे काढली, पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणखी एकदा डावीकडे, आमची गल्ली आडवी ओलांडून आणखी तीनदा डावीकडे, आणि आम्ही आमच्याच घरासमोरून भरधाव गेलो, यावेळी योग्य दिशेने. आई फाटकात उभी होती.

"आलात पण? झालं का गं सगळं?"

"अजून जायचंय, आई!" बायको ओरडली.

फोन वाजला. मी घेतला. पलीकडे गोठेवाल्या मावशी, रडवेल्या. "कुठवर आलात? ती आता उठतसुद्धा नाही हो. आणि ऐका, येताना त्या..."

"मावशी, बोलण्यात वेळ घालवू नका, निघालोय आम्ही!" मी फोन ठेवला. अशा वेळी माणसाला ठाम राहावं लागतं.

"काय म्हणाल्या?"

"गाय उठत नाहीये."

बायकोने वेग वाढवला. माझ्या मनात एकच येत होतं: हेही वासरू गेलं तर ते माझ्यामुळे जाईल. चिखलामुळे नाही, माझ्यामुळे! त्या पुठ्ठ्यामुळे!

मोठ्या चौकात पुन्हा उजवीकडे वळायचं होतं. आम्ही सरळ गेलो, तीन वेळा डावीकडे वळलो आणि बाजूच्या रस्त्याने त्याच चौकात परत आलो. हवालदाराने हात आडवा केला.

"मघाशी तुम्हीच गेलात ना इथून?"

"हो."

"मग आता पुन्हा कुठे?"

"टेकडीवर. गाय अडलीये," बायको म्हणाली.

"मग मघाशीच उजवीकडे वळायचं ना! फेऱ्या कसल्या मारताय?" मग त्याची नजर मडगार्डावर गेली. तो वाकला. भगदाडातून आत बघितलं. "हे कोणी केलं?"

"घरीच केलंय," मी नम्रपणे म्हणालो.

"गाडी बाजूला घ्या. तिकडे, उजवीकडे."

"तिकडेच तर घेता येत नाही हो!"

मागे हॉर्नचा नुसता गोंगाट! बायको शांतपणे म्हणाली, "दादा, दंड काय असेल तो परत येऊन भरते. आत्ता वासरू मरेल."

काय वाटलं त्याला कोण जाणे, पण त्याने शिटी फुंकली, सगळी वाहनं अडवली आणि आम्हाला सरळ काढून दिलं. माझ्याकडे बघून मात्र मान हलवली, अगदी खेदाने.

टेकडीचा कच्चा रस्ता लागला. आणि काय सांगू! चिखलात पिकअप अशी चढायला लागली की बस! टायर चिखल फेकत होते, गाडी कुठे अडत नव्हती.

"बघ! बघ कशी चाललीये!" मी खिडकीतून ओरडलो.

"टायर बघ," बायको म्हणाली.

बारीकसारीक वळणं निघून गेली. घर्र व्हायचं, मी ओरडायचो, ती स्टिअरिंग सोडायची. मग शेवटचं वळण आलं. रस्ता तिथे गपकन उजवीकडे दुमडलेला. समोर दरी, मागे खडक. इथे तीन वेळा डावीकडे वळायला गल्ल्या कुठून आणणार?

बायकोने गाडी थांबवली. फोन पुन्हा वाजत होता. तो घ्यायची आमच्यात हिंमत नव्हती.

"मी धावत जातो पेटी घेऊन," मी म्हणालो.

"पेटी जाऊन काय करणार? आणि मी चालत पोचेपर्यंत काय होतं ते मागच्या वेळी बघितलंय." ती समोर बघत बसली. मग एकदम म्हणाली, "डोकं अडलं की वासरू पुढे ओढत नाहीत."

"काय?"

"ओढलं की जास्त अडकतं. आधी मागे ढकलायचं, मग वळवायचं. खाली उतर! मागे उभा राहा आणि खडक किती लांब आहे ते सांग."

मी उतरलो. तिने गाडी सरळ पुढे घेतली, दरीच्या इतक्या जवळ की मी डोळेच झाकले. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि रिव्हर्स टाकला. गाडीचं बूड माझ्याकडे आलं, आणि नाक... नाक उजवीकडे वळलं! डावीकडे स्टिअरिंग, मागे गाडी, आणि तोंड उजवीकडे! मी हे जन्मात विसरणार नाही.

"किती आहे?" ती आतून ओरडली.

"ये, ये, ये... बस! बस! अगं बस!!" खडक आणि बंपर यांच्यामध्ये मी होतो.

चाकं सरळ, जरासं पुढे, पुन्हा डावीकडे आणि मागे. प्रत्येक वेळी गाडी थोडी थोडी फिरत होती आणि प्रत्येक वेळी माझा जीव खालीवर होत होता. एकदा पुढचं चाक कडेला घसरलं, दगड गडगडत खाली गेले आणि आवाज बराच वेळ येत राहिला. पण शेवटी नाक वरच्या रस्त्याकडे लागलं. मी पळत जाऊन आत बसलो. तिने लगेच गिअर टाकला.

गोठ्यात गाय आडवी पडलेली. मावशी तिच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. बायकोने बाह्या वर केल्या, हात धुतला आणि गुडघे टेकले. मी बादली धरून उभा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती पुटपुटत होती, "मागे... मागे जा बाळा... हं, आता वळ." मावशी देवाचं नाव घेत होत्या. मीही घेत होतो. घेता घेता त्या पुठ्ठ्याची आठवण आली आणि आणखी मनापासून घ्यायला लागलो.

"ओढा!" बायको म्हणाली. आम्ही तिघांनी दोरी धरली. आणि सळ्ळकन ते ओलं, काळं, लांब पायांचं वासरू पेंढ्यावर आलं. हललं नाही. बायकोने नाकातोंडातला चिकटा काढला, गवताच्या काडीने नाकात गुदगुल्या केल्या. आणि ते शिंकलं!

मावशी रडल्या. बायको भिंतीला टेकून हसायला लागली. मी तर दोन्ही केलं, एकदमच! गाय मान वळवून वासराला चाटायला लागली, तेव्हा बायकोने माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसला. मला वाटलं, चला, मडगार्डाचं माफ झालं!

"वेळेत पोचलात गं बाई," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "पण चिखलाच्या बाजूने कशाला आलात?"

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"मागच्या वेळी तुम्ही अडकलात ना, मला फार लागलं ते. सगळ्या गोठेवाल्यांच्या मागे लागले आणि पलीकडच्या बाजूने पक्का रस्ता करून घेतला. सरळसोट आहे, खास तुमच्यासाठी! तेच तर सांगत होते फोनवर, पण या साहेबांनी..."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बादलीत बघितलं.

तेवढ्यात पलीकडून दूधवाला आला. लहानशा स्कूटरवर, दोन्ही बाजूंना कॅन, आणि पायातल्या पांढऱ्या चपलेवर चिखलाचा एक ठिपका नाही! बायकोने हातपाय धुतले, पेटी उचलली आणि त्याला विचारलं, "दादा, मला खाली सोडाल का?"

"अगं, आणि मी?" मी म्हणालो.

"तू पिकअप घेऊन ये."

"कुठल्या रस्त्याने?"

ती स्कूटरवर बसली, पेटी मांडीवर नीट धरली आणि जरा विचार करून म्हणाली, "चिखलाच्याच रस्त्याने ये. एवढे टायर बसवलेस, वापर तरी!"

आणि गेली. स्कूटर कुठेही उडाली नाही की खडखडली नाही. फार चांगला रस्ता केलाय हो, खरंच.