येणारे फोन बंद करण्याबाबत

कचेरी आणि जनता यांचे संबंध सलोख्याचे राहावेत असं वाटत असेल, तर दोघांची गाठ पडू देऊ नये. हे सत्य नळजोडणी कार्यालयाच्या हेडक्लार्कना नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी उमगलं. (आधीच्या हेडक्लार्कना ते उमगलंच नाही. बिचारे फोन उचलत राहिले आणि एका कानाने बहिरे होऊन निवृत्त झाले.)

त्यांनी आठवडाभर रीतसर पाहणी केली. आलेले फोन चारशे बारा. पैकी नळ कधी मिळणार असं विचारणारे तीनशे नव्वद, चुकून लागलेले एकवीस, आभार मानणारा एक. (त्याला भलत्याच कचेरीचे मानायचे होते.) प्रत्येक फोनपायी कर्मचाऱ्याला हातातलं काम सोडावं लागतं. काम हातात नसेल तर आधी घ्यावं लागतं, मग सोडावं लागतं.

वरच्या साहेबांच्या नव्या फोनवर कोण बोलणार ते आधीच दिसतं, त्यामुळे साहेब पूर्ण विचारांती फोन उचलत नाहीत. बाकीची छत्तीस एक्स्टेन्शनं जुनी, ॲनालॉग. ती नुसती बोंबलतात. सबब, या छत्तीसही एक्स्टेन्शनांवर येणारे फोन बंद करावेत, असा आदेश हेडक्लार्कनी काढला. जाणारे चालू राहणार होते, कारण घरी भाजी काय आणायची हे कचेरीच्या वेळेतच विचारावं लागतं. मोबाईल खणात कुलूपबंद ठेवायचे, हा हुकूम त्यांनी मागच्याच वर्षी काढला होता.

ऑपरेटरबाई यादी घेऊन आल्या.

"तुमचंही एक्स्टेन्शन घालू?"

"पहिलं माझंच घाला. सुरुवात आपल्यापासून हवी."

"पण साहेब, तुमच्या बदलीचं यायचंय ना मुख्यालयातून?"

अकरा वर्षं बायको आणि आई एका गावी, हेडक्लार्क दुसऱ्या गावी खोली करून. बदलीच्या यादीत त्यांचा नंबर आता पहिला होता. ते रोज जेवणाचा डबा धुताना त्या बदलीचाच विचार करत.

"अहो बाई, मुख्यालय पत्र पाठवतं. तिथे अजून शिस्त आहे."

बाईंनी छत्तीस एक्स्टेन्शनं बंद केली.

पुढचे पंधरा दिवस कचेरीत इतकी शांतता होती, की पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला आणि दोघांनी तो बिघडल्याची तक्रार केली. (लेखी.) जनतेच्या तक्रारी चारशे बारावरून शून्यावर आल्या. नळ पूर्वीइतकेच दिले जात होते, म्हणजे या सुधारणेचं श्रेय नळांना देता येत नव्हतं. हेडक्लार्क चहाला दोनदा जाऊ लागले आणि चक्क हसू लागले.

सोळाव्या दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं.

'पत्रव्यवहारात विलंब होतो असा आक्षेप असल्याने, बदलीस आपली संमती घेण्यासाठी आपणांस कार्यालयीन दूरध्वनीवर सात वेळा संपर्क करण्यात आला. आपण प्रतिसाद न दिल्याने आपण आहात तेथे समाधानी आहात असे गृहीत धरून, सदर जागा यादीतील पुढील कर्मचाऱ्यास देण्यात आली आहे. तक्रारी शून्यावर आणल्याबद्दल आपले अभिनंदन.'

हेडक्लार्कनी ते तीनदा वाचलं. मग घरी फोन लावला. जाणारे चालूच होते.

बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"मंगळवारी मीही फोन करत होते हो," ती म्हणाली. "आई न्हाणीघरात पडल्या. लागेचना, तेव्हा वाटलं, कामात असाल. मग शेजाऱ्यांना हाक मारली. आता बऱ्या आहेत, म्हणून कळवलं नाही."

मंगळवारी आपण काय करत होतो ते हेडक्लार्कना आठवेना. त्यांना फार वाईट वाटलं, आणि मुख्यालयाचं पत्र हातात धरून ते तसेच बसून राहिले.

वाचकांना त्यांचा राग येणं रास्त आहे. तरी एवढं मान्य करावं, की त्या माणसाने निदान आदेश काढला, खाली सही केली, त्यावर जावक क्रमांक घातला. तुम्ही मघाशी हे वाचायला बसताना वाजणारा फोन टेबलावर पालथा घातलात, तो कुठल्या आदेशाने? 'नंतर करू' म्हणालात. तुमची आई अजून वाट बघतेय.