घरची वेबसाइट, वेळ दहा ते पाच

मी घरात ठाम असं क्वचितच बोलतो. ओझरच्या कारखान्याच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली. तिथे ठाम बोलायची वेळच येत नाही, फार तर 'शू' म्हणावं लागतं, आणि तेही मी हळूच म्हणत असे. पण गेल्या जानेवारीत, रात्रीच्या जेवणाला, भाताचा घास हातात धरून मी जाहीर केलं, "साधनाची वेबसाइट आपल्याच घरात राहील. लोकांच्या दारात नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या धक्क्यानं घास ताटात परत पडला.

साधना माझी सून. मंगल परिणयाला, चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला लागणारे पांढरे कपडे ती शिवते. धंद्याचं नाव 'शुभ्र'. आधी सातपूरच्या एका कंपनीत वायरी जोडायची, ती नोकरी तिनं शिवणयंत्रासाठी सोडली. स्वतःला मुदत घातली ती मात्र कडक: येत्या जयंतीपर्यंत एखादी मोठी ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर पुन्हा सातपूर आणि पुन्हा वायरी.

तिच्यासाठी वेबसाइट बनवली होती सनीनं. सनीची कॉलेज रोडवर कंपनी आहे, कोरीव दाढी आहे आणि प्रत्येक प्रश्नावर हसायची सवय आहे. वेबसाइट कुणाच्या कॉम्प्युटरवर ठेवायची, एवढाच प्रश्न उरला होता.

"काका, आजकाल वडापाववालासुद्धा या भानगडीत स्वतः पडत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे द्या आणि विसरून जा."

हे 'विसरून जा' मला लागलं. ग्रंथालयात जे विसरलं जातं त्याला कसर लागते. शिवाय मी या विषयावरचं चारशे बारा पानांचं इंग्रजी पुस्तक, मागच्या सूचीसकट, वाचून काढलं होतं. त्यातलं निम्मं मला कळलं होतं. कुठलं निम्मं, हे मात्र नीट कळलं नव्हतं.

"आपला माल आपल्या कपाटात," मी म्हणालो. "किल्ली आपल्या कमरेला."

"बाबा, जमेल ना तुम्हाला?" साधनानं विचारलं.

"जमेल," मी म्हणालो, आणि रात्रभर तळमळलो.

पण जमलं. भारत, म्हणजे माझा मुलगा, मनमाडला रेल्वेत आहे. त्याचा जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी मांडला. इंटरनेटवाल्याला चार वेळा बोलावून घराला इंटरनेटवरचा कायमचा पत्ता घेतला. आणि एका सोमवारी सकाळी दहा वाजता 'शुभ्र' आमच्या नाशिक रोडच्या दोन खोल्यांमधून साऱ्या जगाला दिसू लागलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. लगेच, आपलं काहीतरी चुकलंय असंही वाटलं, पण ते मला रोजच वाटतं.

पहिल्याच दिवसापासून मी शिस्त लावून घेतली. दहाला यंत्र सुरू. एक ते दीड जेवणाची सुट्टी. पाच वाजता सगळं नीट बंद करायचं, भिंतीवरचं बटण खाली करायचं आणि वरून साळूबाईच्या जुन्या पातळाचं कापड टाकायचं. साळूबाई म्हणजे आमचं कुटुंब. तिनं तिसऱ्याच दिवशी विचारलं, "अहो, तुमी हे बंद केल्यावर लोकान्ला दिसतं कसं?"

"पुस्तक वाचलंय का तू?" मी विचारलं.

"नाय."

"मग झालं तर."

घरात माझ्याकडून कुणी वाद हरल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी त्याच्या पुढे विचार केला नाही.

पंधरा दिवसांत तक्रारी यायला लागल्या. "ताई, तुमची साइट उघडत नाही." "ताई, दुकान बंद केलं का?" साधना मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली असायची, कापड धुळीसाठी टाकतो असं तिला वाटायचं; ती तिथूनच ओरडायची, "बाबा, कॉम्प्युटर चालू आहे ना?"

"वेळच्या वेळी चालू असतो," मी सांगायचो. ते शंभर टक्के खरं होतं.

मग तज्ज्ञ मंडळी येऊ लागली. इंटरनेटवाला सकाळी अकराला आला. वेबसाइट उत्तम चालू होती. तरी त्यानं वायर बदलली, कारण आलोच आहे तर. इलेक्ट्रिशियन देवराम दुपारी तीनला आला. वेबसाइट ठणठणीत. त्यानं अर्थिंगला नावं ठेवली, चहा घेतला आणि अंगणात लोखंडी कांब ठोकून गेला. सनी बाराला आला, पाच मिनिटं पडद्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका, हे घरचं यंत्र आहे. अधूनमधून दम टाकतं. माझ्याकडे द्या."

"आता टाकतंय का दम?"

"आता नाही."

"मग?"

सनीचं हसू थोडं कमी झालं. मी तर इरेलाच पेटलो. त्या रात्री पुस्तकाचं नववं प्रकरण, 'वेबसाइट बंद का पडते', पुन्हा वाचलं. सत्तावीस कारणं दिली होती. लिहिणाऱ्यानं काय काय विचार केला होता, पण 'घरातल्या म्हाताऱ्यानं बटण बंद केलं' हे कारण त्यात नव्हतं. त्यामुळे माझी पूर्ण खात्री पटली की दोष बाहेरचा आहे.

मार्चमध्ये भारतनं मनमाडहून बातमी आणली. तिथल्या रेल्वे वसाहतीतल्या महिला मंडळाला जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकासाठी कपडे शिवायचे होते. एक नाही, दोन नाही, नव्वद जोड. मंडळाच्या अध्यक्ष लताबाई कडक होत्या. रविवारी दुपारी चारला बैठक, सगळ्यांसमोर मोठ्या टीव्हीवर वेबसाइट बघणार, तिथेच काय ते ठरवणार.

"हे झालं तर दोन बायका मदतीला घेते," साधना म्हणाली. "नाही झालं तर सोमवारी सातपूरला फोन करते." मग माझ्याकडे वळून, "बाबा, तेवढं बघा हं."

"निश्चिंत जा," मी म्हणालो.

रविवारी ती आणि भारत नमुन्याचे कपडे पिशवीत घालून मनमाडला गेले. मी जेवलो, पेपर वाचला, जरा पडलो. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा," साधना म्हणाली, "साइट उघडत नाहीये. टीव्हीवर नुसतं पांढरं दिसतंय. चाळीस बायका बसल्यात समोर."

"असं कसं होईल," मी म्हणालो. आणि मग आपोआप, चौतीस वर्षं दर आठवड्याला कुणा ना कुणाला सांगितलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं. "आज रविवार आहे."

"म्हणजे?"

"साप्ताहिक सुट्टी."

पलीकडे शांतता पसरली. ग्रंथालयातसुद्धा मी इतकी शांतता कधी मिळवली नव्हती.

"बाबा," साधना अगदी हळू म्हणाली, "तुम्ही कॉम्प्युटर बंद करता?"

"रविवारी. आणि रोज पाचनंतर. आणि जेवणाच्या वेळेला, अर्धा तासच फक्त."

फोन स्पीकरवर होता, हे मला चाळीस बायका एकदम हसल्या तेव्हा कळलं.

"कोन बोलतंय?" एक जाड आवाज आला. त्या लताबाई.

"माझे सासरे," साधना म्हणाली. त्या दोन शब्दांत तिनं माझ्याबद्दल बरंच काही सांगून टाकलं.

"सासरेबुवा," लताबाई म्हणाल्या, "आमच्या मालकान्ला रेल्वेनं तीस वर्सात धड रविवार दिला नाय. आन तुमच्या कॉम्प्युटरला जेवायचीपन सुट्टी?"

"यंत्र झालं म्हणून काय झालं," मी म्हणालो. हे मी का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. जीभ ऐकत नव्हती. "नियम तो नियम. चालू करतो. सहा मिनिटं लागतील."

मी कापड ओढलं. कापडाबरोबर टीव्हीचा रिमोट, माझा चष्मा आणि साळूबाईची सुपारी खाली आली. बटण दाबलं. यंत्र घरघरू लागलं. साळूबाई दारात येऊन उभी राहिली. पुस्तक न वाचलेल्या माणसाचा चेहरा इतका शहाणा दिसू शकतो, हे मला तेव्हा समजलं.

सहा मिनिटं लागतील म्हटलं होतं, अकरा लागली. वेबसाइट उघडली तेव्हा मी अभिमानानं फोनवर सांगितलं, "आता बघा."

"कशाला?" लताबाई म्हणाल्या. "तुमची सून रिकामी बसली होती व्हय? समद्यांनी कुडते घालून बघितले, शिवन उलटी करून बघितली. लय मजबूत हाय. नव्वद जोड लिहून दिलेत वहीत. टीव्ही बंद केला कवाच."

म्हणजे वेबसाइट सनीकडे ठेवायची की माझ्याकडे, हा प्रश्न लताबाईंनी वहीच्या एका पानावर सोडवून टाकला होता.

साधना रात्री परत आली. मी बोलणी खायच्या तयारीनं बसलो होतो. तिनं पिशवी उघडली. माझ्यासाठी मनमाडहून पेढे आणले होते, ते पुढे ठेवले आणि म्हणाली, "बाबा, साइट उद्या सनीकडे देते."

मी पेढा खाल्ला. तोंडात पेढा असताना विरोध करता येत नाही, हे तिनं ओळखलं असावं.

तरी मी हार मानली नव्हती. जयंती झाली, मिरवणुकीत नव्वद पांढरे कुडते उन्हात लखलखले, मागच्या खोलीत दोन नव्या बायका शिवायला बसू लागल्या. आणि मे महिन्यात सनीच्या कंपनीचा निरोप आला. तो मी साधनाला, भारतला आणि साळूबाईला, प्रत्येकाला वेगवेगळा मोठ्यानं वाचून दाखवला: 'देखभालीच्या कामासाठी येत्या रविवारी दुपारी दोन ते सहा सेवा बंद राहील.'

"रविवारी," मी म्हणालो. "चार तास. मी तर याला साप्ताहिक सुट्टी म्हणत होतो."

"बाबा," साधना कापड कापता कापता म्हणाली, "त्यांनी आधी कळवलं."

चौतीस वर्षं ग्रंथालयाच्या दारावर वेळांची पाटी मी स्वतःच्या हातानं रंगवून लावत होतो, आणि साधनाच्या वेबसाइटवर नेमकी तीच लावायची राहून गेली होती.

पण मला कुणी हरवलं, असं समजू नका. जुना कॉम्प्युटर अजून टीव्हीशेजारीच आहे. त्यावर मी स्वतःची वेबसाइट ठेवली आहे: माझ्याकडच्या सहाशे पुस्तकांची यादी, विषयवार. सगळ्यात वर ठळक अक्षरात पाटी आहे. 'वेळ दहा ते पाच. जेवणाची सुट्टी एक ते दीड. रविवारी बंद.' सनीला मी ठणकावून सांगितलंय की आजपर्यंत एकाचीही तक्रार आलेली नाही.

आजपर्यंत कुणी आलेलंही नाही. पण ते त्यानं विचारलं नाही.