शून्य म्हणजे ठीक

साळवेसाहेबाला कुणी "बरं हाय" म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "बोलू नका, करून दाखवा!" हे त्याचं पालुपद. कॅन्टीनवाला म्हणाला, "वडा ताजा हाय." ह्यानं आधी त्यालाच खायला लावला. असला तऱ्हेवाईक माणूस, आणि नेमका माझ्या शेजारच्या खोलीत!

देवळालीकडच्या एका साखर कारखान्यात मी उसाच्या वजनकाट्यावर वॉचमन, हा कॉम्प्युटरवाला. दोन हजार साल तोंडावर आलेलं. उसाच्या वजनाला दोन कॉम्प्युटर. एक काम करायचा, दुसरा त्याला सारखा विचारायचा, "चालू आहेस का?" चालू असेल तर उत्तर शून्य, बंद असेल तर तीन. तीन ऐकलं की दुसऱ्यानं काम उचलायचं.

मी म्हणालो, "शून्य म्हंजे नापास."

"नाना, हे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, त्यात शून्य म्हणजे ठीक."

शून्यापायी माझी शाळा चौथीत सुटली. तवा हा मास्तर कुठं गेलता?

एक दिवस वजनाचा प्रोग्राम मेला, पण कॉम्प्युटर चालू, म्हणून उत्तर शून्यच. दुसरा कॉम्प्युटर आपला गप. बैलगाड्यांची रांग पार हमरस्त्याला, गाडीवान माझ्या अंगावर. मग साळव्यानं विचारायची रीतच बदलली. मध्ये आपली एक फाईल बसवली. ती "चालू का" विचारत नाही, रिकाम्या गाडीची खोटी पावती मागते. पावती निघाली तर शून्य, नाही निघाली तर तीन. मेल्याला खोटं बोलायची सोयच ठेवली नाही.

त्याच हंगामात आमची मंडळी वारली. लोक विचारायचे, मी "बरं हाय" म्हणायचो. दोन दिवस स्टोव्ह पेटला नव्हता. तिसऱ्या सकाळी हा दारात.

"नाना, चहा करा."

"मी बरा हाय, जा तुमी."

"तुमच्या 'बरं हाय'चं मी काय करू? चहा करा."

फुकट्या! तिच्या डब्यांना मला हात लावायचा नव्हता. साखर कुठं, पत्ती कुठं, शिव्या घालत शोधली. दूध उतू गेलं, तर हा उभा राहून चुका काढतोय. मग रोजचंच झालं. पुढं म्हणे, "आज पिठलं करा." ताट वाढल्याशिवाय दारातनं हलायचा नाही.

एका सकाळी आला नाही. सुटलो म्हटलं. बघतो तर चहा दोन कप झालेला.

शिव्या देतच त्याच्या खोलीत गेलो. भिंतीला टेकून बसलेला, अंग तव्यासारखं तापलेलं.

"काय झालं?"

"काही नाही नाना. ठीक आहे."

खोलीत एक चटई, एक तांब्या. कोपऱ्यात स्टोव्हचा खोका, दुकानातली सुतळी अजून तशीच. दोन वर्षं झाली होती त्याला इथं येऊन.

"ठीक ना? मग चहा करून दाखवा."

हसला. उठायला गेला, पुन्हा खाली बसला.

"तीन," मी म्हणालो, आणि खोक्याची सुतळी तोडायला घेतली.